वर चढवणाऱ्या पोरांचं काय? कूपरेजकर काकांना उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया लांबही आहे आणि तिखटही, त्यामुळे खाली दोन ओळी टाकून सटकणं बरं दिसलं नसतं. विसर्जन आटोपलंय, इंटरनॅशनल ब्रेकमुळे मॅचही नाही, तेव्हा सविस्तरच लिहितो. (तारीख: सप्टेंबर २०२५.)

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी: ट्रान्सफर विंडो (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत) बंद झाल्यावर मी संडरलँड या इंग्लिश क्लबाच्या खरेदीची आणि मालकाची बाजू घेऊन लिहिलं, त्यावर 'एक जुना कूपरेजकर' या नावाने काकांनी मला झोडपलंय. (काका म्हणतोय, कारण मुंबईतल्या कूपरेज मैदानावरची रोव्हर्स कपची फायनल वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिल्याचं त्यांनीच लिहिलंय.) त्यांचं म्हणणं असं की ज्या पोरांनी आठ वर्षांनी क्लब प्रीमियर लीगमध्ये चढवला त्यांना बाकावर बसवून डझनभर नवे गडी आणणं म्हणजे खालचे थर मंडळाच्या पोरांनी लावायचे आणि हंडी फोडायला भाड्याचा गोविंदा बोलवायचा. मालक किरिल लुई-ड्रेफस हा बापाच्या पैशावर क्लब घेतलेला पोरगा, कंटाळा आला की मुंबईच्या महिंद्रा युनायटेडसारखं दुकान बंद करून मोकळा होईल. आणि जाता जाता एक टोला: मुंबईत बसून वेअर नदीकाठच्या या क्लबाचा कैवार घेणारे कूपरेजवर कधी दिसत नाहीत.

हंडीचंच आधी घेतो. नेमकं गोपाळकाल्याच्याच संध्याकाळी, १६ ऑगस्टला साडेसातला, वेस्ट हॅमविरुद्ध पहिली मॅच होती. बाहेर पाऊस आणि डीजे यांची जुगलबंदी चाललेली, कॉमेंट्री ऐकूच येत नव्हती. ३-० ने जिंकलो. गोल कोणाचे? मायेंडा, बॅलर्ड, इसिदोर. तिघेही गेल्या वर्षीचे. पहिल्या गोलचा क्रॉस ट्राय ह्यूमचा, तोही गेल्या वर्षीचा. म्हणजे तुमच्याच उपमेत बोलायचं तर हंडी मंडळाच्याच पोरांनी फोडली, नवे लोक खालच्या थराला खांदे देऊन उभे होते.

आता मंडळाची पोरं म्हणजे कोण, तेही बघू. बॅलर्ड आर्सेनलकडून २०२२ मध्ये घेतलेला. ह्यूम उत्तर आयर्लंडमधल्या लिनफील्डचा. सर्किन टॉटनहॅमचा, मायेंडा फ्रान्समधल्या सोशोचा. या सगळ्यांना आणलं कोणी? याच मालकाने. खरे गाववाले म्हणाल तर गोलकीपर पॅटरसन, गेल्या वर्षीचा कॅप्टन डॅन नील, क्रिस रिग आणि टॉमी वॉटसन. बाकीच्यांना आपण तीन वर्षांत आपलं मानलं, आणि त्यात वावगं काहीच नाही. पण मग यंदा आलेल्या झाका आणि सादिकी यांनाही तेवढा वेळ द्यायला हवा की नको?

त्या टीमवर माझं प्रेम तुमच्याइतकंच आहे. कॉव्हेंट्रीविरुद्ध बढतीसाठीच्या प्लेऑफच्या सेमीफायनलला एक्स्ट्रा टाइम संपून गेला होता, पेनल्टीची तयारी चाललेली, आणि कॉर्नरवर बॅलर्डच्या डोक्याला लागून बॉल आत गेला. वेम्बलीवर २४ मे रोजी शेफील्ड युनायटेड १-० ने पुढे, मग मायेंडा, आणि ९५ व्या मिनिटाला वॉटसन. पण भावनेच्या भरात टेबल विसरून चालणार नाही. गेल्या हंगामात चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या पायरीच्या लीगमध्ये, आपण चौथे आलो, ७६ गुणांवर. लीड्स आणि बर्नली १०० वर. ज्यांच्याबरोबर वर गेलो त्यांच्या २४ गुण मागे! शेफील्ड युनायटेडसुद्धा ९० वर होते. साखळीतल्या शेवटच्या पाचही मॅच आपण हरलो होतो. प्लेऑफ ही वेगळीच चीज आहे. तीन मॅच नशिबाने साथ दिली की बेडा पार. पण ३८ मॅचच्या हंगामात नशीब किती पुरणार?

आणि वर गेल्यावर काय होतं ते गेल्या दोन हंगामांत बघितलंच आहे. २०२३-२४ मध्ये ल्यूटन, बर्नली, शेफील्ड युनायटेड वर आले, तिघेही त्याच वर्षी खाली. २०२४-२५ मध्ये लेस्टर, इप्सविच, साउथॅम्प्टन, तेही तिघे खाली. साउथॅम्प्टनचे गुण किती? १२. शेफील्ड युनायटेडने तर हंगामाच्या तोंडावर आपले एनजाय आणि बेर्ग हे दोन मोहरे विकले, १६ गुण मिळवले आणि १०४ गोल खाल्ले. हे डोळ्यांसमोर दिसत असताना 'आमचीच पोरं खेळवू, पडलो तर मानाने पडू' असं म्हणणारा मालक मला नको. मानाने पडणं वगैरे लेखात छान वाटतं. शनिवारी संध्याकाळी ०-४ बघताना नाही.

बाकावर गेलेल्या पॅटरसनचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. वेम्बलीवर सुरुवातीलाच किफर मूरचं हेडर त्याने अडवलं नसतं तर पुढचं सगळं घडलंच नसतं. पण गणपतीतल्या शनिवारी ब्रेंटफर्डविरुद्ध काय झालं बघा. ०-० असताना त्यांना पेनल्टी. नवीन गोलकीपर रूफ्सने शाडेची किक अडवली. पुढे त्यांनी गोल केलाच, मग ल फेने पेनल्टीवर बरोबरी साधली. ९६ व्या मिनिटाला झाकाने डावीकडून क्रॉस टाकला आणि इसिदोरने डोक्याने बॉल आत घातला. २-१. झाका त्या मिनिटालाही घाईत नव्हता. मान वर करून आत कोण आहे ते बघितलं आणि मग मारलं. वय ३२, लेव्हरकुझेनबरोबर २०२३-२४ ची बुंडेसलीगा एकही मॅच न हरता जिंकलेला माणूस, १.३ कोटी पाउंडांत मिळाला. त्याला कॅप्टन केलं म्हणून नीलचा अपमान झाला असं तुम्ही म्हणता. मला वाटतं नीलने त्याच्या शेजारी सराव करून वर्षभरात जे शिकता येईल ते शिकावं. बर्नलीला ०-२ हरलो तेव्हा झाका असूनही मधली फळी कोलमडली होती, तेही मान्य. तो काही जादूगार नाही.

वॉटसन आणि जोब बेलिंगहॅमला विकल्याचा राग मात्र बऱ्याच जणांना आहे, म्हणून त्यामागचा हिशेब सांगतो. लीगच्या यंदाच्या, म्हणजे २०२५-२६ च्या, नियमांनुसार क्लबला तीन वर्षांत ठरावीक मर्यादेपर्यंतच तोटा दाखवता येतो. चॅम्पियनशिपमधल्या वर्षाला १.३ कोटी पाउंड, प्रीमियर लीगमधल्या वर्षाला ३.५ कोटी. संडरलँडची दोन वर्षं खालची, एक वरचं, म्हणजे एकूण ६.१ कोटी. वर्षानुवर्षं प्रीमियर लीगमध्ये असलेल्या क्लबांना १०.५ कोटी. आता गंमत बघा: खेळाडू विकत घेतला की त्याची किंमत कराराच्या वर्षांवर वाटून दाखवायची, पाच वर्षांचा करार असेल तर ३ कोटींच्या हबीब दियाराचा बोजा वर्षाला ६० लाखच. पण विकला की नफा सगळा त्याच वर्षी, एकदम. आणि ॲकॅडमीतून आलेला पोरगा असेल तर त्याची खरेदी किंमत शून्य, म्हणजे ब्रायटनने वॉटसनसाठी मोजलेली रक्कम अख्खीच्या अख्खी नफ्यात. जोबला बर्मिंगहॅमकडून अगदी स्वस्तात घेतलेला, डॉर्टमुंडने भरभक्कम मोजले. या दोन विक्रींनी बाजारहाटीचा बराच भार हलका केला. नियमच असा आहे की घरचं पोरगं विकणं सगळ्यात फायद्याचं. शिव्या घालायच्या तर त्या नियमाला घाला, मी पहिला येतो सोबत.

आता मालक. इथे तुमचा राग मला जास्त कळतो, पण तो चुकीच्या जागी पडतोय असं वाटतं.

बापाचा पैसा? हो, आहे. रॉबेर लुई-ड्रेफस आदिदासचे प्रमुख होते, मार्सेय क्लब त्यांचा होता. २००९ मध्ये ते गेले, पुढे २०१६ मध्ये आईने क्लब विकला. किरिल संडरलँडमध्ये आला फेब्रुवारी २०२१ मध्ये, २३ वर्षांचा असताना, आणि क्लब तेव्हा तिसऱ्या पायरीच्या लीगमध्ये सडत होता. आधीच्या मंडळींनी क्लब घेताना काही पैसा क्लबच्याच पॅराशूट पेमेंटमधून (प्रीमियर लीगमधून खाली पडलेल्या क्लबाला मिळणाऱ्या पैशातून) वळवला होता, हे तोवर उघड झालं होतं. तिथून चार वर्षांत दोनदा बढती. श्रीमंताच्या पोराने हौसेपोटी केलेलं काम असेल तर असू दे बापडं.

त्याला धारेवर धरायचं तर खरी कारणं वेगळी आहेत, आणि ती तुमच्या प्रतिक्रियेत एकही नाहीत. सूत्रं त्याच्या हाती आली असं सांगून वर्ष झालं, तेव्हा २०२२ मध्ये कळलं की त्याच्याकडे शेअर ४१ टक्केच, भागीदार सार्तोरीकडे २०, आणि आधीच्या मालकांच्या जोडीकडे अजून ३९. लोकांना वर्षभर अंधारात ठेवलं होतं. पुढे त्याने हिस्सा वाढवला, जुने दोघे बाहेर गेले, पण चाहत्यांनी ओरड केल्यावरच. डिसेंबर २०२३ मध्ये मॅनेजर टोनी मोब्रेंना काढलं, मायकल बीलला आणलं आणि ६३ दिवसांत त्यालाही काढलं. त्यातच जानेवारीत एफए कपला आपले कट्टर प्रतिस्पर्धी न्यूकॅसल आले, तेव्हा आपल्याच स्टेडियममधला बार पाहुण्यांच्या घोषणांनी रंगवला गेला! आणि मग ०-३ हरलो. मालकाला जाहीर माफी मागावी लागली. त्या हंगामात आपण सोळावे होतो. माझ्या मते त्याचं सर्वात वाईट वर्ष तेच. त्यानंतर घाई न करता मॅनेजर म्हणून ल ब्रीसला आणलं, तेव्हापासून गाडी रुळावर आहे.

वाईट मालक कसा असतो हे समजायला आपल्याला इंग्लंडपर्यंत जायलाही नको. पुण्याच्या कोंबडीवाल्या वेंकीजने नोव्हेंबर २०१० मध्ये २.३ कोटी पाउंडांना ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला, १९९५ चा प्रीमियर लीग विजेता क्लब. महिनाभरात मॅनेजर ॲलरडाइसना काढलं, टीम तेराव्या स्थानावर असताना. मे २०१२ मध्ये क्लब खाली गेला, त्या मॅचला कोणीतरी क्लबाचा झेंडा गुंडाळून जिवंत कोंबडी मैदानात सोडली. पुढच्या हंगामात मॅनेजर आले कधी आणि गेले कधी, कळलंच नाही. २०१७ मध्ये तिसऱ्या पायरीवर! तिथून वर्षभरात वर आणलं ते याच टोनी मोब्रेंनी. अलीकडे तर क्लबला पैसे पाठवायलाही दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी काढावी लागली. पुणेकर वाचकांनी राग मानू नये, पण त्यांनी पैसा कमी घातला असं कोणी म्हणू शकत नाही. पैसा भरपूर घातला. फुटबॉल जाणणारं माणूस शेजारी बसवायला हवं होतं, ते वेळेवर बसवलं नाही. लुई-ड्रेफसने तेच आधी केलं.

महिंद्राबद्दल मात्र मी तुमच्याशी वाद घालणार नाही. २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकलेली टीम २०१० मध्ये गुंडाळली गेली, आणि मुंबईत फार कोणाच्या लक्षातही आलं नाही, हे त्याहून वाईट. तरी तुलना जुळत नाही. ती कंपनीची टीम होती, कंपनीने बंद केली. संडरलँड तिसऱ्या पायरीवर असताना २०१८ च्या बॉक्सिंग डेला (२६ डिसेंबरला) ब्रॅडफर्डविरुद्ध ४६ हजार लोक आले होते. मालक उद्या कंटाळला तर क्लब विकेल, चुकीच्या माणसालाही विकेल, ती भीती रास्त आहे. पण कुलूप लावता येणार नाही. हे स्टेडियम मंकवेअरमथच्या बंद पडलेल्या कोळसा खाणीवर उभं आहे. आमच्या लालबाग-परळला गिरण्या गेल्या आणि त्या जागी काय आलं ते तुम्ही रोज बघताच. त्या क्लबाकडे मी कसा ओढलो गेलो, याचं उत्तर हवं असेल तर हेच आहे.

आणि कूपरेज? येतो की. तुम्ही बहुधा पलीकडच्या स्टँडमध्ये बसता.

तुम्ही न विचारलेली पण मला खरी सतावणारी गोष्ट वेगळीच आहे. डिसेंबरमध्ये मोरोक्कोत आफ्रिकन नेशन्स कप सुरू होतोय. दियारा सेनेगलचा, सादिकी आणि मासुआकू काँगोचे, ताल्बी मोरोक्कोचा, रेनिल्दो मोझांबिकचा, त्राओरे बुर्किना फासोचा. नाताळच्या गर्दीत, जेव्हा तीन-तीन दिवसांनी मॅच असतात, तेव्हा निम्मी टीम गायब असू शकते. खरेदी करताना हा हिशेब कोणी केला होता का, हा प्रश्न मी मालकाला नक्की विचारीन. तेव्हा नील आणि रिग खेळतीलच, तुमची हौस फिटेल. तोवर १३ तारखेला क्रिस्टल पॅलेस आहे, साडेसातलाच. रूफ्सने पुन्हा पेनल्टी अडवली तर पॅटरसनवरून माझ्याशी भांडायला या, मी इथेच आहे.