न्यूज म्हणजे चार दिशा? नव्हे हो!

सदाशिव पेठेतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड दर दोन-तीन महिन्यांनी उगवतो. 'हे शाळेत शिकवत नाहीत! न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. गोल्फ म्हणजे जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन.' पुढे टिप, पॉश आणि ओके. खाली हात जोडलेल्यांची रांग. शाळेत शिकवत नाहीत, कारण ते खरं नाही.

आपल्याला हे चटकन पटतं, यात नवल नाही. अप्पा बळवंत चौकाचा एबीसी आणि फर्ग्युसन कॉलेज रस्त्याचा एफसी करणारी माणसं आपण. पण आद्याक्षरं जोडून शब्द पाडायची खोड इंग्रजीला मुख्यतः विसाव्या शतकात लागली. रडार, लेझर हे तसे शब्द. न्यूज त्यांच्या कितीतरी आधीचा.

'न्यू' म्हणजे नवं, त्याचं अनेकवचन न्यूज: नव्या गोष्टी. बस्स, एवढंच. जुन्या इंग्रजी लिखाणात तो एन-ई-डब्ल्यू-ई-एस असाही लिहिलेला सापडतो. आता ही दुसरी पूर्व कुठून आणायची?

गोल्फचं तर हसूच येतं. 1457 साली स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फ आणि फुटबॉलवर बंदी घातली, कारण लोक खेळात रमून धनुर्विद्येचा सराव टाळत होते. म्हणजे बंदी बायकांना नव्हती, सरसकट होती. जंटलमेनसुद्धा त्यात आले.

टिप म्हणजे म्हणे 'टु इन्शुअर प्रॉम्प्टनेस', काम झटपट व्हावं म्हणून. मग आपण ती जेवण झाल्यावर का ठेवतो? सतराव्या शतकातल्या चोरांच्या बोलीत 'टिप' म्हणजे देणे. हा शब्द तिथून वर आला.

पॉशची गोष्ट आपल्याला जवळची, म्हणून जास्त गोड लागते. म्हणे पॉश म्हणजे 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम': इंग्लंडहून मुंबईला येताना जहाजाची डावी बाजू (पोर्ट) सावलीची, परतताना उजवी (स्टारबोर्ड). श्रीमंतांच्या तिकिटावर म्हणे त्या चार शब्दांची आद्याक्षरं छापत. असं एकही तिकीट आजवर कुणाला दाखवता आलेलं नाही.

राहिला ओके. फॉरवर्ड म्हणतो तसं 'ऑब्जेक्शन किल्ड' नव्हे. 1839 साली बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने 'ऑल करेक्ट'चं स्पेलिंग गमतीने मुद्दाम चुकवलं, ओ आणि के ही त्याची आद्याक्षरं. म्हणजे पाच शब्दांत खरोखर आद्याक्षरांचा हा एकच निघाला, आणि नेमकं त्याचंच लांब रूप फॉरवर्डने चुकवलं.