सेव्ह केलेला सर्च आपोआप ताजा होत नाही, सर!

आमच्याकडच्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सांगणं असं: ‘पब्लिश ऑर पेरिश’ हे सायटेशन (इतरांच्या लेखांत आपल्या लेखाचे आलेले संदर्भ) मोजणारं मोफत सॉफ्टवेअर घ्या, एकेका प्राध्यापकाचं नाव टाका. सर्च आपोआप सेव्ह होतो, पुढे सायटेशन वाढली की आकडाही आपोआप वाढतो. फोल्डर-बिल्डरच्या भानगडीत पडू नका. अहवालाच्या आदल्या रात्री सगळे सर्च एकदम चालवा, विभागाचा एच-इंडेक्स तयार! (एच-इंडेक्स दहा म्हणजे निदान दहा लेखांना प्रत्येकी निदान दहा सायटेशन.)

मराठवाड्यातल्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून ही कामं शेवटी माझ्याच टेबलावर येतात, म्हणून लिहितोय. ॲन-विल हार्झिंग यांनी २००६ मध्ये आणलेलं हे सॉफ्टवेअर उत्तमच आहे. तक्रार मेसेजबद्दल आहे.

सर्च सेव्ह होतो, हे खरं. पण त्यात राहतो तो त्या दिवशीचा निकाल. गेल्या वर्षी काढलेल्या सातबाऱ्यावर यंदाचा फेरफार घरबसल्या चढतो का? नवा उतारा काढावाच लागतो. तसा हा सर्चही पुन्हा चालवावा लागतो. त्यातही मेख आहे. साधं ‘सर्च’ बटण दाबलं की सॉफ्टवेअर जवळ साठवलेलाच निकाल पुढे करू शकतं. ताजा हवा असेल तर ‘सर्च डायरेक्ट’ दाबायचं.

‘नाव टाका’ हा तर सगळ्यात घातक सल्ला. हे सॉफ्टवेअर आकडे घेतं त्यांपैकी गुगल स्कॉलर, म्हणजे गुगलचा शोधनिबंधांचा शोध, बहुतेक ठिकाणी आद्याक्षरं आणि आडनाव एवढंच धरतं. नुसतं ‘एस जाधव’ टाकून बघा: पुण्याचे डॉक्टर, कोल्हापूरचे केमिस्ट्रीवाले, सगळे एका ओळीत उभे. शिवाय एका सर्चला एक हजारांच्या वर निकाल मिळत नाहीत. म्हणून दोन्ही आद्याक्षरं अवतरणचिन्हांत घ्यायची, मग परक्या लेखांपुढची खूण काढायची. आकडे लगेच नव्याने मोजले जातात. एकच लेख दोनदा आला असेल तर एक ओळ दुसरीवर ओढून जोडायची. मॅडमांचं लग्नाआधीचं आडनाव ‘ऑर’ घालून त्याच सर्चमध्ये घ्यायचं, नाहीतर त्यांची पीएच.डी.च्या काळातली सगळी कमाई गायब. संस्थेच्या नावाने शोधता येतं तिथेही हाच घोळ. १९९४ च्या नामविस्ताराआधीचे लेख नुसत्या ‘मराठवाडा विद्यापीठा’च्या नावावर आहेत, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाला वसंतराव नाईकांचं नाव २०१३ मध्ये मिळालं. एवढी साफसफाई तासाभराचं काम नाही. म्हणूनच ती पुन्हा सापडेल अशी ठेवायची.

आणि तिथेच फोल्डर लागतात. मी विभागाचा फोल्डर, त्यात प्राध्यापकाचा, आणि त्यात गुगल स्कॉलर, ओपनॲलेक्स, स्कोपस (या दोन्ही शोधनिबंधांच्या सूच्या) असे सर्च वेगवेगळे ठेवतो. कारण एकाच माणसाचा एच-इंडेक्स तीन ठिकाणी तीन येतो. स्कॉलरचा बहुधा सगळ्यात मोठा, कारण तिथे प्रबंध, पुस्तकं, परिषदांतले निबंध सगळं मोजलं जातं. सगळं एकाच ढिगात टाकलं की घाईत सोयीचा आकडा उचलला जातो. (मुद्दाम नसेल, पण उचलला जातो.) पबमेडचा (वैद्यकीय लेखांच्या सूचीचा) सर्च तर सायटेशनसाठी ठेवूच नका, तिथून या सॉफ्टवेअरला सायटेशनचे आकडे मिळत नाहीत.

आदल्या रात्री तीस सर्च एकदम चालवले, तर गुगल तुम्हाला यंत्रमानव समजून चित्रं ओळखायला लावतं, नाहीतर दारच बंद करतं. ते टाळण्यासाठी सॉफ्टवेअर स्वतःच वेग कमी करतं, म्हणून ‘हँग झालं’ म्हणून बंद करू नका. रोज चार-पाच नावं घ्यावीत. स्कोपसला चावी, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा एक कोड (एपीआय की), लागते.

विभागाचा एच-इंडेक्स म्हणजे सगळ्यांच्या एच-इंडेक्सची बेरीज नव्हे, सरासरीही नव्हे. सगळे लेख एका यादीत घेऊन, सामाईक लेख एकदाच मोजून तो काढायचा.

बॅकअपबद्दल मेसेजात अक्षरही नाही. सर्च तुमच्याच कॉम्प्युटरवर राहतात. आमच्याकडे एकदा मशीन फॉरमॅट झालं आणि दोन महिन्यांची साफसफाई धुऊन निघाली. तेव्हापासून प्रत्येक सर्च सीएसव्हीत (तक्त्याच्या साध्या फाइलीत) काढून, नावात तारीख टाकून पेनड्राइव्हवर ठेवतो.

मराठी विभागाचं मात्र दुखणं वेगळं. देवनागरीत नाव टाकून स्कॉलरमध्ये वेगळा सर्च करावा लागतो, आणि आयुष्यभर मराठी नियतकालिकांत लिहिलेल्या माणसाला स्कोपस बहुधा शून्यच दाखवतं. त्या शून्यापुढे स्रोत आणि तारीख लिहिल्याशिवाय मी त्या कागदावर सही करत नाही.