'दुखणं अंगावर काढलं तरच ताकद येते' या प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं असं, की टाच दुखते म्हणून सराव कमी करायला सांगून मी मुलांना नाजूक बनवतोय. दुखणं अंगावर काढल्याशिवाय ताकद येत नाही. स्नायूंपुरतं यात तथ्य आहे. सरावानंतर मांड्या भरून येतात, दोन-तीन दिवसांत मोकळ्या होतात, त्याची चिंता नको.

पण १२-१३ वर्षांचा मुलगा टाचेवर किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर बोट ठेवून 'इथंच दुखतंय' म्हणतो, तेव्हा दुखणं स्नायूचं नसतं. टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा पट्टा, हाडाला जिथे चिकटतो तो भाग या वयात अजून कूर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा कच्चा असतो. उंची भराभर वाढते, स्नायू त्या मानाने आखडतात आणि प्रत्येक उडीला तोच भाग ओढला जातो. ओढून-ओढून तो बळकट होत नाही, सुजतो.

'घरी बसवा' असं मी लिहिलं नव्हतं. धावणं आणि उड्या निम्म्यावर आणा, बाकी वेळ सायकल किंवा पोहणं चालू ठेवा. खेळताना दुखणं दहापैकी तीनच्या आत आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शांत, एवढं चालतं. लंगडत असेल तर त्या दिवशी खेळ बंद. सामन्याआधी वेदनाशामक गोळी देऊन उतरवणं तर नकोच, कारण थांबायची खूणच त्याने पुसली जाते. गुडघ्यासाठी भिंतीला पाठ टेकून अर्धं बसणं, ३० सेकंद, पाच वेळा. दुखलं तर कमी वाका.

आठवड्याचे तासही मोजा. शाळा, क्लब, खासगी प्रशिक्षक असे तिघे सराव घेतात आणि बेरीज कुणीच करत नाही. मुलाचं वय जितकं, त्याहून जास्त तास नकोत. आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण सुट्टी हवी.

एका बाबतीत मात्र मी तडजोड करणार नाही. वेगवान गोलंदाजी किंवा जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलाची कंबर मागे वाकताना दुखत असेल, तर तीनचा नियम लागू नाही. खेळ लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवा. मणक्याच्या मागच्या कमानीला ताणाने तडा गेलेला असू शकतो. सुरुवातीला तो एक्स-रेत बहुधा दिसत नाही, म्हणून 'एक्स-रे नॉर्मल आहे' एवढ्यावर मुलाला परत मैदानात पाठवू नका, एमआरआयबद्दल विचारा. वेळीच सापडला तर साधारण तीन महिन्यांच्या विश्रांतीत तो भरून येण्याची चांगली शक्यता असते.