खुलासा: ‘ती’ लाट गोदावरीतली नाही

‘जायकवाडीचे दरवाजे उघडले, गोदावरीत डोंगराएवढी लाट’ म्हणून पैठण-गंगाखेडच्या ग्रुपांवर फिरणारा व्हिडिओ पोर्तुगालमधल्या नाझारेच्या समुद्राचा आहे. जरा थांबवून बघा: कड्यावरच्या किल्ल्यावर लाल माथ्याचं दीपगृह दिसतं आणि लाटेवरून एक जण फळीवर उभा राहून घसरतोय. तिथं समुद्राखालच्या खोल दरीमुळे लाटा एवढ्या उंच होतात. २९ ऑक्टोबर २०२० ला सेबास्टियन स्टॉइटनर हा जर्मन सर्फर (फळीवरून लाटांवर घसरणारा खेळाडू) तिथंच २६.२१ मीटरच्या लाटेवर स्वार झाला, गिनीजमध्ये नोंद आहे. तोल गेला तर लाट माणसाला पाण्याखाली दाबून धरते, म्हणून वाचवायला जेट-स्कीवाले जवळच असतात.

विसर्ग वाढला की नदीचं पाणी चढत जातं, अशी भिंत उभी राहत नाही. नदीकाठची म्हातारी माणसं धास्तावलीत हो! व्हिडिओ पुढं पाठवू नका, पाठवला असेल तर काढा. विसर्गाची खात्री तहसीलमधून करा.