काकांनी काम सोपं केलं

मी एक दिवसासाठी पुण्याला काय गेलो, नेमकं तेव्हाच पार्सल आलं आणि वॉचमन जागेवर नव्हता म्हणून कुरियरवाल्याने ते तळमजल्यावरच्या काकांकडे टेकवलं. परत आल्यावर घ्यायला गेलो तर काका दारातच, सत्यनारायणाचा प्रसाद वाटताना असतो तसला आनंद तोंडावर. "या, या! निम्मं काम करून ठेवलंय तुमचं!"

टीपॉयवर स्टीलचं ताट आणि ताटात राखाडी प्लॅस्टिकचा ढीग. शेजारी नेलकटर.

हे माझं लिबर्टी शिप, म्हणजे त्याचं सुटे भाग जोडून करायचं मॉडेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अशी २,७१० मालवाहू जहाजं काढली, दिसायला इतकी बेढब की खुद्द रूझवेल्टनेही नावं ठेवली. खरं जहाज ४४१ फुटी, माझं १/३५० चं, म्हणजे जोडल्यावर ३८ सेंटीमीटरच्या आसपास. आता या किटचे सगळे भाग चौकटीला चिकटून येतात आणि भागांचे नंबर असतात चौकटीवर, भागावर नाही. काकांनी एकेक भाग सुटा केला होता. चौकटी कुठायत विचारलं तर म्हणे, "सकाळी घंटागाडीत दिल्या की, कचराच तो."

"पण पार्सल उघडलंत कशाला?"

"हल्ली मोबाईल मागवला की साबण निघतो, म्हणून चेक केलं. बरं, पाण्यात चालतं ना? नातवाला रामकुंडावर न्यायचंय."

"नाही चालत."

"रिमोट?"

"नाही."

"सेल टाकून?"

"नाही हो काका."

"मग घेतलं कशाला?"

आता मला गप्प बसता आलं असतं, पण माझ्या जहाजाला कोणी काही बोललं की मला राहवत नाही. म्हटलं, काका, १९४२ मध्ये यातलंच रॉबर्ट ई. पिअरी नावाचं जहाज ४ दिवस आणि साडेपंधरा तासांत पाण्यात उतरवलंय, मोठेमोठे भाग आधीच वेगळे तयार ठेवायचे आणि मग वेल्डिंग करत सुटायचं...

"बघा! म्हणजे त्यांनीही आधी सगळं सुटंच केलं होतं ना? आणि तुम्ही दिवाळीपासून ते दुसरं जहाज गॅलरीत घेऊन बसलाय."

यावर काय बोलणार. तोवर काका मुंबईच्या गोदीतल्या स्फोटापर्यंत पोचले होते. १४ एप्रिल १९४४, फोर्ट स्टिकीन, एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा, हे मात्र त्यांनी अगदी बरोबर सांगितलं, मान्य. ते कॅनडात बांधलेलं, पण नात्यातलंच. "त्यात सोनं होतं म्हणे. यात देतात का?"

काल रात्री ते ताट घेऊन बसलो. माल चढवायच्या डेरिकचे दांडे सगळे सारखेच दिसतात, फरक असलाच तर एखाद्या मिलिमीटरचा, काही नेलकटरने चेपलेले, एक तर नातवाने चावलाय. किट परदेशातून मागवलेलं, कस्टम्स भरून, आणि चौकटी सुट्या विकत मिळत नाहीत. कोणाचं पुस्तक आणलं असतं तर काकांनी पानं सोडवून ठेवली असती का? पण प्लॅस्टिक दिसलं की खेळणं, आणि खेळण्याला कोणीही हात लावावा.

आणि सोसायटीच्या ग्रुपवर काकांनी ताटाचा फोटो टाकलाय, 'तरुण कलाकाराला ज्येष्ठांची साथ'. खाली नुसते अंगठे आणि टाळ्या. त्यात एक टाळी आमच्या हिची.