ओटीपी खरा असला म्हणजे मत खरं होत नाही
एका मोबाईल नंबरला एक मत ठेवलं की ॲप बनवणाऱ्यांच्या ऑनलाइन स्पर्धेतलं लोकांचं मतदान निर्दोष होतं, असं या विषयावरच्या एका लेखात म्हटलंय. मला नाही पटत. गेल्या वर्षी अशाच एका स्पर्धेसाठी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या खोलीवर तीन महिने खपून आम्ही ऊसतोडीची पाळी कळवणारं ॲप केलं. मतदानाच्या शेवटच्या रात्री दोनपर्यंत आम्ही पुढं होतो. सकाळी बघतोय तर दुसऱ्या टीमला चारशे मतं जास्त, सगळी त्याच रात्री उघडलेल्या खात्यांवरची. नंबर खरे, ओटीपीपण खरे. त्यांचं ॲप मात्र त्यातल्या कुणी उघडलंच नव्हतं. आमच्या तालमीतल्या पोरांनीही न बघताच आम्हाला मतं दिली, हेही सांगायला पाहिजे.

'लुडम डेअर' ही गेम बनवायची स्पर्धा २००२ पासून चालू आहे. तिथं भाग घेणारेच एकमेकांचे गेम खेळून गुण देतात आणि क्रमवारीत यायला निदान २० जणांचे गुण लागतात. आपल्याकडं एवढं तरी करा: स्पर्धा जाहीर झाल्यावर उघडलेल्या खात्यांना मत नको आणि मतदान संपेपर्यंत आकडे झाकून ठेवा. आकडे उघडे होते म्हणूनच त्या रात्री किती मतं कमी पडतात ते त्या दुसऱ्या टीमला कळलं.