४४७३ नंबरचा फॉर्म भरला म्हणून बंदूक सरकारदरबारी नोंदली जात नाही

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘बंदूक घेताना ४४७३ नंबरचा फॉर्म भरलात की नाव थेट केंद्र सरकारच्या यादीत. उद्या दारात येऊन जप्त करतील. एच-वनवाल्यांनी तर ग्रीन कार्डवाल्या मित्राच्या नावावरच घ्यावी.’ डॅलसचा भाचा हे खरं का, असं विचारत नव्हता. दुकानात कोणाला पाठवायचं ते ठरवत होता! म्हणून आधी ते शेवटचं वाक्य.

खरा खरेदीदार तुम्हीच का, असं फॉर्ममध्ये स्पष्ट विचारलंय. दुसऱ्यासाठी घेताना ‘हो’ लिहिणं हा केंद्रीय गुन्हा. अब्राम्स्की नावाच्या माजी पोलिसाने काकांच्या पैशांनी त्यांच्यासाठी ग्लॉक पिस्तूल घेतलं. काकांना स्वतः घ्यायला काहीच आडकाठी नव्हती, तरी २०१४ साली सुप्रीम कोर्टाने त्याला दोषी धरणारा निकाल कायम केला. ज्याच्यासाठी घेतली त्याला कायद्याने मनाईच आहे हे माहीत असूनही घेतली, तर २०२२ पासून १५ वर्षांपर्यंत कैद. एच-वनवर, म्हणजे तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर, ती मनाई असते. नेहमीचा अपवाद म्हणजे राज्याचा चालू शिकारीचा परवाना. तो काढून स्वतःच्या नावावर घ्या की! बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं की ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं.

आता यादी. फॉर्म दुकानदाराकडेच राहतो. विक्रीआधी एफबीआय खरेदीदाराची पूर्वपीठिका तपासते; त्यात होकार आला की त्याची ओळख एफबीआयला २४ तासांत पुसावी लागते. केंद्रीय नोंदवही उभारायला १९८६ च्या कायद्याने मनाई आहे. म्हणून तर गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा नंबर घेऊन कारखाना, घाऊक विक्रेता, दुकान अशी वरात काढावी लागते, आणि हाती लागतो तो फक्त पहिला खरेदीदार. त्याने पुढे कोणाला विकली, ते फॉर्मला ठाऊक नसतं.

एक मात्र कबूल. दुकान बंद पडलं की त्याचे फॉर्म एटीएफ या बंदुकांचे कायदे राबवणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे जातात. वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला असे नव्वद कोटींवर कागद जमलेत, बहुतेक स्कॅन केलेले. नावाने शोधायची सोय ठेवलेली नाही, असं एटीएफ सांगतं. पूर्वी २० वर्षांनी फॉर्म नष्ट करता यायचे, २०२२ पासून तेही नाही. तेव्हा धास्ती अगदीच हवेतली नाही. कॅलिफोर्निया, हवाईत राज्याची नोंद असतेच. मशीनगन आणि सायलेन्सर १९३४ पासून केंद्राकडे नोंदवावे लागतात.

जप्तीचा दाखला म्हणून कतरिना वादळानंतरचं न्यू ऑर्लिन्स काढतात. २००५ साली पोलिसांनी बंदुका घेतल्या, पण समोर दिसल्या तशा. यादी हातात नव्हती. पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेने अशा जप्तीला बंदी घातली.

निवडणूक लागली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, हे आपल्याकडचं चित्र डोक्यात असतं म्हणून मेसेज पटतो. टेक्सासात बंदूक बाळगायला परवानाच लागत नाही; जमा करा म्हणून नोटीस पाठवायची तर कोणाच्या पत्त्यावर?